फ्रीडीबीच्या फाइलींवर चालणारा सीडी माहिती सर्व्हर पोस्टग्रेसवर न्यायचा तर: आधी काय, नंतर काय, आणि कुठे चुकतं

फ्रीडीबी म्हणजे सीडी घातली की तिची आणि तिच्यातल्या गाण्यांची नावं पुरवणारा मोफत माहितीसंग्रह, आणि पोस्टग्रेस हा एक डेटाबेस. असा फाइलींवरचा सर्व्हर डेटाबेसवर हलवला की येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात. सीडी घातली एका गायकाची आणि नाव आलं दुसऱ्याचंच, नाव बरोबर आलं पण अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं, किंवा जुन्या सर्व्हरवर सापडणारी सीडी नव्यावर सापडतच नाही. तिन्हींची कारणं तीच तीच असतात आणि तिन्ही टाळता येतात, फक्त कामं बरोबर क्रमाने करावी लागतात, आणि लोक नेमकं तेच करत नाहीत, टेबल आधी बनवतात आणि डेटा नंतर समजून घेतात.

इकडे इंदूर-देवास-ग्वाल्हेरकडे ज्यांच्या घरी किंवा मंडळाच्या वाचनालयात शास्त्रीय, नाट्यसंगीत, अभंग अशा सीडींचा साठा आहे आणि सोबत फ्रीडीबीची जुनी कॉपी एखाद्या मशीनवर चालू आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. फ्रीडीबी २०२० मध्ये बंद झाली. नंतर तुम्ही स्वतः टाइप करून भरलेल्या नोंदी कदाचित जगात फक्त तुमच्याच डिस्कवर असतील, म्हणून यात घाई नको. गणपतीच्या दिवसांत तर हे काम काढूच नका, तेव्हा रोज कुणाला ना कुणाला गाणी हवी असतात आणि सर्व्हर अर्धवट अवस्थेत सापडतो.

१. तयारी: हात लावायच्या आधी

सगळ्यात आधी नवीन नोंदी घेणं बंद करा. वाचणं चालू राहू द्या, पण सबमिट बंद. हे न करता कॉपी काढली तर कॉपी चालू असताना आलेल्या नोंदी ना इकडे ना तिकडे.

मग पूर्ण फोल्डरचा बॅकअप, तो पण वेगळ्या डिस्कवर. इंदूरच्या जेल रोडवरून एक साधी एसएसडी आणली तरी पुरते, डेटा तसा मोठा नसतो, त्रास फाइलींच्या संख्येचा असतो. एका सीडीची एक फाइल, अशा लाखो बारक्या फाइली, त्यामुळे डिस्कवर जागा दिसते आणि तरी आयनोड (डिस्क प्रत्येक फाइलीसाठी ठेवते ती नोंद, यांची संख्या ठरलेली असते) संपतात आणि कॉपी अर्ध्यात थांबते. कॉपी करण्याआधी मोकळी जागा आणि मोकळे आयनोड दोन्ही बघा. त्याहून सोपं म्हणजे टार आर्काइव्ह (सगळ्या फाइली एकत्र बांधलेली एक फाइल) उघडूच नका, पायथनचं टारफाइल मॉड्यूल ते सरळ वाहत्या रूपात वाचतं, फाइल डिस्कवर न टाकता आतला मजकूर हातात मिळतो.

तुमची कॉपी कोणत्या प्रकारची आहे तेही आत्ताच बघून घ्या. नेहमीच्या प्रकारात कॅटेगरीचं फोल्डर आणि त्यात डिस्क आयडीच्या (सीडीच्या ओळखीचा क्रमांक, पुढे सांगतो) नावाची एकेक फाइल असते. विंडोजवाल्यांसाठीच्या प्रकारात एका मोठ्या फाइलीत शेकडो नोंदी, आणि प्रत्येक नोंदीच्या आधी # फाइलनेम अशी ओळ. दुसऱ्या प्रकारावर पहिल्याचा प्रोग्राम चालवला तर शेकडो नोंदींची एक भली मोठी नोंद होते आणि एरर काही येत नाही.

तपासा: अकराच्या अकरा कॅटेगऱ्यांमध्ये (ब्लूज, क्लासिकल, कंट्री, डेटा, फोक, जॅझ, मिस्क, न्यूएज, रेगे, रॉक, साउंडट्रॅक) किती नोंदी आहेत ते मोजून कागदावर लिहून ठेवा. पुढे प्रत्येक टप्प्यावर हाच आकडा जुळवायचाय. आणि आर्काइव्हमध्ये साध्या फाइलींसोबत लिंक पण आहेत का ते बघा, नुसत्या साध्या फाइली वाचायला सांगितलं तर लिंक गुपचूप गळतात.

२. डिस्क आयडी काय सांगतो आणि काय सांगत नाही

इथे थांबून नीट समजून घ्या, कारण चुकीचं नाव येण्याचं मूळ इथेच आहे.

आयडी आठ अक्षरांचा, सोळा-आधारी पद्धतीत. शेवटची दोन म्हणजे ट्रॅकची संख्या, मधली चार म्हणजे सेकंदांमध्ये लांबी, आणि पहिली दोन म्हणजे एक बेरीज: प्रत्येक ट्रॅक ज्या सेकंदाला सुरू होतो त्या सेकंदाच्या आकड्यातल्या अंकांची बेरीज, सगळ्या ट्रॅकची मिळून, तिला २५५ ने भागून उरलेली बाकी. सीडीवर एका सेकंदाला ७५ फ्रेम, आणि पहिला ट्रॅक बहुतेक वेळा १५० व्या फ्रेमला म्हणजे २ ऱ्या सेकंदाला सुरू होतो.

उदाहरण घ्या. तीन ट्रॅकची सीडी, ट्रॅक सुरू होतात २, ९२१ आणि २५३० व्या सेकंदाला, एकूण लांबी ४११४ सेकंद. अंकांची बेरीज २ + १२ + १० = २४, सोळा-आधारीत १८. लांबी ४११४ मधून पहिल्या ट्रॅकचे २ सेकंद वजा, ४११२, सोळा-आधारीत १०१०. ट्रॅक ०३. आयडी झाला १८१०१००३. आता दुसरी सीडी, तेवढ्याच लांबीची, पण ट्रॅक ९१२ आणि २३५० ला सुरू होतात. अंकांची बेरीज तीच. आयडी तोच. गायक वेगळा, राग वेगळा, आयडी एक.

आपल्या संगीतात हे जास्त होतं, आणि कारण सरळ आहे. दहा-बारा गाण्यांच्या सीडीत बेरजेला बऱ्याच तऱ्हा होतात, पण ख्यालाच्या सीडीत दोन किंवा तीनच ट्रॅक असतात. अमीर खाँसाहेबांसारखा अतिविलंबित विस्तार एकाच ट्रॅकमध्ये अर्धी सीडी खाऊन जातो. दोन ट्रॅक असतील तर बेरीज फक्त दुसऱ्या ट्रॅकच्या सुरुवातीवर ठरते आणि तिला जेमतेम तीसेक किमती शक्य आहेत. पूर्ण मैफल एकाच ट्रॅकमध्ये असेल तर आयडी ०२ ने सुरू होणार, ०१ ने संपणार, आणि मधे फक्त लांबी. सेकंदाला सेकंद सारख्या लांबीच्या कुठल्याही दोन अशा सीडी एकमेकींवर आदळणार.

जुन्या व्यवस्थेत यावर उपाय कॅटेगरीचा होता. क्लासिकलमध्ये ती जागा भरलेली असेल तर माणूस नोंद फोकमध्ये किंवा जी मोकळी असेल तिच्यात टाकायचा. म्हणून ख्यालाची सीडी ब्लूजमध्ये दिसली तर ती सरसकट चूक समजू नका.

थांबा: नीटनेटकेपणाच्या भरात "भावगीत रेगेमध्ये कसं" म्हणून कॅटेगरी बदलू नका. बदललीत की ती नोंद दुसऱ्या खऱ्या नोंदीवर जाऊन बसू शकते. संगीताचा प्रकार लिहायला डीजॉनर हे वेगळं फील्ड आहे, दुरुस्ती तिथे करा.

३. टेबलं

प्रायमरी की (टेबलमधली प्रत्येक नोंद वेगळी ओळखायची खूण) म्हणून एकटा डिस्क आयडी लावायचा नाही. कॅटेगरी आणि आयडी दोन्ही मिळून. एकटा आयडी लावला आणि वर "आधीच असेल तर सोडून दे" असं लिहिलं की आदळणाऱ्या नोंदींपैकी एकच आत जाते, बाकीच्या न सांगता गायब.

माझ्या मते चार टेबलं पुरतात. पहिलं कच्च्या नोंदींचं: कॅटेगरी, फाइलीचं नाव, आणि आख्खी फाइल बाइट्समध्ये जशीच्या तशी. दुसरं सीडीचं: स्वतःचा आतला क्रमांक, कलाकार, शीर्षक, वर्ष, प्रकार, लांबी, ट्रॅकची संख्या, रिव्हिजन (नोंद कितव्यांदा सुधारली तो आकडा), जादा टीप. तिसरं आयडींचं: कॅटेगरी आणि आयडी मिळून की, आणि तो कुठल्या सीडीकडे जातो. हे वेगळं टेबल यासाठी की फाइलीतल्या डिस्कआयडीच्या ओळीत स्वल्पविराम देऊन अनेक आयडी असू शकतात, एकाच सीडीच्या वेगवेगळ्या छपाया. चौथं ट्रॅकचं: सीडीचा क्रमांक, ट्रॅक नंबर, सुरुवातीची फ्रेम, नाव, ट्रॅकचा कलाकार असला तर तो, आणि टीप.

आयडी कुठल्या प्रकारात ठेवायचा? आठ अक्षरांचा मजकूर, लहान लिपीत, बस. आकडा म्हणून ठेवायचा मोह होतो, पण पोस्टग्रेसचा साधा इंटिजर ऋण-धन दोन्ही बाजूंचा ३२ बिटी असतो, त्यामुळे अंकबेरीज १२८ किंवा जास्त असलेले आयडी त्यात मावत नाहीत. दहा-बारा ट्रॅकच्या सीडीत १२८ सहज ओलांडले जातात, आणि चाचणीला दोन-तीन ट्रॅकच्याच सीडी घेतल्या असतील तर हे शेवटपर्यंत कळत नाही.

थांबा: मधे कुठेही एक्सेल नको. ०२१०१००१ मधलं पुढचं शून्य उडतं, आणि ज्या आयडीत सगळे आकडे आणि मधे एकच ई असतो त्याला एक्सेल वैज्ञानिक पद्धतीतली संख्या समजून पार बदलून टाकतं. सेव्ह केलं की परत मिळत नाही.

डेटाबेस बनवताना एन्कोडिंग (अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत) यूटीएफ-८ आहे ना बघा. एसक्यूएल-एएससीआयआय असेल तर पोस्टग्रेस काहीही तपासत नाही, आत कचरा गेला तरी हूं की चूं नाही. मायएसक्यूएल वापरत असाल तर यूटीएफ८-एमबी४ घ्या, तिथलं जुनं यूटीएफ८ तीन बाइटांचंच आहे. देवनागरी त्यात बसते म्हणून लोकांना वाटतं चाललं, मग चार बाइटांचं एखादं अक्षर येतं आणि लोड तिथेच अडकतो.

४. कच्चा माल आधी आत घ्या

या टप्प्यात काही समजून घ्यायचं नाही, काही दुरुस्त करायचं नाही. फाइल उचलली, बाइट्सच्या कॉलममध्ये टाकली, पुढची. लोकांना हा टप्पा जादाचा वाटतो, पण पुढच्या टप्प्यात तुमचा प्रोग्राम चुकणार आहे, सगळ्यांचाच चुकतो, आणि तेव्हा आर्काइव्हपासून परत सुरू करायचं की डेटाबेसमधल्याच कच्च्या टेबलवरून परत फोडायचं, यात अख्ख्या रात्रीचा फरक पडतो.

एकेक इन्सर्ट करू नका, पोस्टग्रेसची कॉपी कमांड वापरा. काही हजार नोंदींचा एक गठ्ठा, एक ट्रान्झॅक्शन. लोड होईपर्यंत प्रायमरी की सोडून दुसरा कुठलाही इंडेक्स (शोध लवकर लागावा म्हणून बनवलेली सूची) नको. आणि मशीन यूपीएसवर असू द्या, मे-जूनमध्ये इकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

थांबा: कॉपीचा साधा टेक्स्ट प्रकार बॅकस्लॅशला स्वतःची खूण समजतो. फ्रीडीबीच्या फाइलीत पण बॅकस्लॅश खूण म्हणूनच येतो. मजकूर तसाच पाठवला तर पोस्टग्रेस तो आधीच गिळून टाकतो आणि तुमच्या प्रोग्रामला पुढे काहीच मिळत नाही. बाइट्सचा कॉलम नीट एस्केप करून पाठवा, किंवा सीएसव्ही प्रकार वापरा.

तपासा: कॅटेगरीवार संख्या तुमच्या कागदावरच्या आकड्यांशी जुळते? जुळत नसेल तर पुढे जायचं नाही, एका नोंदीचा फरक असला तरी नाही.

५. फाइल फोडणे: इथे क्रमच सगळं आहे

फाइलीचं रूप साधं वाटतं. वर # ने सुरू होणाऱ्या ओळी, त्यात ट्रॅकचे फ्रेम ऑफसेट (ट्रॅक कितव्या फ्रेमला सुरू होतो तो आकडा), डिस्कची लांबी, रिव्हिजन. खाली डिस्कआयडी, डीटायटल, डीइयर, डीजॉनर, मग टीटायटल ० पासून पुढे, मग टिपा. साधं वाटतं म्हणूनच लोक थेट ओळ-ओळ वाचून मजकुरात बदलत जातात, आणि मराठी नावांचा तिथेच बळी जातो.

क्रम असा ठेवा:

पहिलं, बाइट्सच्या पातळीवरच ओळी तोडा. दुसरं, एकच फील्ड अनेक ओळींत आलं असेल तर ते तुकडे बाइट्समध्येच जोडा. ओळीला २५६ अक्षरांची मर्यादा असल्यामुळे लांब नाव पुढच्या ओळीत त्याच फील्डच्या नावाने चालू राहतं, मधे जागा न घालता सरळ चिकटवायचं. तिसरं, आता एन्कोडिंग ओळखून मजकूर बनवा. चौथं, बॅकस्लॅशच्या खुणा सोडवा.

दुसऱ्याआधी तिसरं केलं तर काय होतं बघा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक अक्षर तीन बाइटांचं. काही प्रोग्राम ओळ बाइट मोजून तोडतात, तर तोड अक्षराच्या मधोमध पडते, एक बाइट या ओळीत, दोन पुढच्या. ओळी वेगवेगळ्या वाचल्या की दोन्हीकडे कचरा, आणि जोडून वाचल्या की "पूरिया धनाश्री" अगदी नीट. इंग्रजी नावांवर चाचणी केली तर हे कधीच दिसणार नाही. चौथ्याचंही तसंच, बॅकस्लॅश एका ओळीच्या शेवटी आणि त्याचा एन पुढच्या ओळीत असू शकतो.

खुणा सोडवताना एकामागून एक बदला-बदली करू नका, डावीकडून उजवीकडे एकदाच चालत जा. आधी सगळे बॅकस्लॅश-एन बदलले आणि मग दुहेरी बॅकस्लॅश एकेरी केले, तर जिथे खरोखरचा बॅकस्लॅश आणि पुढे एन होता तिथे उगाच नवी ओळ येते.

एन्कोडिंगसाठी सोपा नियम: आधी कडक यूटीएफ-८ म्हणून वाचून बघा, बसलं तर तेच. नाही बसलं तर आयएसओ-८८५९-१. उलटं कधीच करू नका, कारण आयएसओ-८८५९-१ ला कुठलाही बाइट चालतो, ते कधी नाही म्हणतच नाही. याउपर दोनदा एन्कोड झालेल्या नोंदी सापडतील, त्यात देवनागरीच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि त्याच्या शेजारी चलनाच्या खुणेसारखं चिन्ह पुन्हा पुन्हा दिसतं. हे एकदा उलटं फिरवून नीट होतं, पण आपोआप सगळ्यांवर चालवू नका, आधी यादी काढा, नजर टाका, मगच. जुन्या देवनागरी फाँटमध्ये टाइप केलेलं काही सापडलं तर ते वेगळंच ठेवा, त्याचा इलाज फाँटप्रमाणे करावा लागतो.

शून्य बाइट असलेली नोंद पोस्टग्रेसचा टेक्स्ट कॉलम घेत नाही, तो बाइट काढा आणि नोंदीवर खूण करा. आणि सगळा मजकूर एनएफसी रूपात (युनिकोडचं एकसंध अक्षरांचं रूप) आणा. "ऱ" हे अक्षर एकसंध पण टाइप होतं आणि र खाली नुक्ता देऊन पण, दिसायला सारखं, शोधताना वेगळं. पोस्टग्रेस १३ पासून त्यासाठी नॉर्मलाइझ फंक्शन आहे.

६. तिरकी रेघ आणि कलाकार

डीटायटल म्हणजे "कलाकार / शीर्षक", मधे जागा, तिरकी रेघ, जागा. फक्त पहिल्या रेघेवर तोडा. शीर्षक "यमन / बागेश्री" असं असेल तर दुसरी रेघ शीर्षकाचीच आहे. रेघच नसेल तर कलाकार आणि शीर्षक दोन्ही तेच धरायचं, असा मूळ नियम आहे.

ट्रॅकच्या नावात मात्र जपून. अनेक गायकांच्या सीडीत ट्रॅक "गायक / गाणं" असा लिहितात, नाट्यसंगीताच्या संग्रहात हे नेहमीचं. म्हणून लोक सगळ्याच ट्रॅकवर तोडायचा नियम लावतात, आणि आपल्याकडे तर निम्म्या ट्रॅकचं नाव "विलंबित / द्रुत" असतं. मग डेटाबेसमध्ये "विलंबित" नावाचा मोठा कलाकार तयार होतो, शेकडो सीडी त्याच्या नावावर. नियम असा ठेवा की सीडीवरच्या सगळ्या ट्रॅकमध्ये रेघ असेल आणि सीडीचा कलाकार "विविध" या अर्थाचा काही असेल, तरच तोडा. नाहीतर पूर्ण नाव जसंच्या तसं ठेवा, हाताने नंतर बघता येतं. आणि एकाच उस्तादांच्या नावाची पाच स्पेलिंगं एकत्र करण्याचं काम आत्ता काढू नका, ते वेगळं काम आहे, स्थलांतरात मिसळलं की काय बदललं आणि काय बिघडलं हे ओळखू येत नाही.

७. तपासणी, मग इंडेक्स

प्रत्येक नोंदीसाठी ऑफसेटवरून आयडी परत काढा आणि फाइलीच्या नावाशी ताडा. न जुळणाऱ्या काही निघतील: लिंकमुळे दुसऱ्या छपाईचा आयडी असेल, किंवा लांबी एका सेकंदाने इकडे-तिकडे असेल. त्या फेकू नका, खूण करून ठेवा. ऑफसेटची संख्या ट्रॅकच्या संख्येइतकी आहे का, ऑफसेट चढत्या क्रमाने आहेत का, तेही बघा. टीटायटल ० पासून मोजतं आणि माणसं १ पासून, शेवटचा ट्रॅक रिकामा येत असेल तर दोष बहुतेक तिथेच आहे.

हे सगळं जुळल्यावर इंडेक्स: आयडींच्या टेबलवर एकट्या आयडीचा, सीडीच्या टेबलवर ट्रॅकची संख्या आणि लांबी यांचा एकत्र, आणि नावाने शोधायचं असेल तर ट्रायग्रॅम एक्स्टेन्शनचा. शेवटी व्हॅक्यूम अ‍ॅनालाइझ. हे विसरलं की प्लॅनर (डेटा कसा शोधायचा ते ठरवणारा पोस्टग्रेसचा भाग) आंधळेपणाने आख्खं टेबल चाळत बसतो आणि लोक म्हणतात फाइलीच बऱ्या होत्या.

८. सर्व्हरचं तोंड तेच ठेवा

सीडीवरची गाणी संगणकात उतरवणारे म्हणजे रिप करणारे प्रोग्राम, सर्व्हरच्या भाषेत क्लायंट, जुनीच भाषा बोलणार, ८८८० पोर्टवर किंवा एचटीटीपीने. त्यांना आत काय बदललं हे कळताही कामा नये.

क्वेरीत आयडीसोबत सगळे ऑफसेट येतात, आणि त्यांचा उपयोग करायलाच हवा, एवढा सगळा उद्योग त्यासाठीच आहे. आयडी जुळलेल्या नोंदी काढा, ऑफसेटच्या फरकावरून क्रम लावा. एकच असेल तर उत्तर २००, अनेक असतील तर २१० आणि यादी, जवळची वर. पण २१० हे प्रोटोकॉल पातळी (क्लायंट-सर्व्हरच्या भाषेची आवृत्ती) ४ पासून पुढेच, त्याखालच्या क्लायंटला ते समजत नाही. आयडी जुळलाच नाही तर ट्रॅकची संख्या बरोब्बर तीच आणि लांबी चार-पाच सेकंद मागेपुढे अशा नोंदी घ्या, ट्रॅकच्या लांब्या ताडा, सापडलं तर २११, नाही तर २०२. याद्या आणि नोंदी दोन्ही एकट्या टिंबाच्या ओळीने संपतात. ती ओळ राहिली तर क्लायंट वाट बघत लटकतो आणि दोष नेटवर्कला दिला जातो.

यूटीएफ-८ फक्त पातळी ६ ला मिळतं. क्लायंट खालच्या पातळीवर असेल तर देवनागरी जाणारच नाही, प्रश्नचिन्हं येतील. म्हणून प्रश्नचिन्हं दिसली की डेटाबेस उकरण्याआधी क्लायंटची पातळी बघा. वर्ष आणि प्रकार ही फील्डं पातळी ५ पासून.

नवीन नोंद घेताना रिव्हिजन बघा. आलेली रिव्हिजन डेटाबेसमधल्यापेक्षा लहान असेल तर नोंद नाकारायची. ही अट अपडेटच्या आतच लिहा, आधी वाचून मग वेगळं लिहायला गेलात तर दोन माणसांनी एकदम पाठवल्यावर नवी नोंद जुन्याने पुसली जाते.

९. बदली

काही दिवस दोन्ही सर्व्हर सोबत चालवा. जुन्याच्या लॉगमधल्या खऱ्या क्वेरी दोघांनाही द्या आणि उत्तरं ताडा. यादीच्या क्रमात फरक येईल, तो अपेक्षित आहे. पण जुन्यावर सापडलेली आणि नव्यावर २०२ आलेली एकही क्वेरी सोडू नका, प्रत्येकीचं कारण शोधा. रीड कमांडची उत्तरं बाइट-बाइट सारखी येण्याचा हट्ट नको, ओळी कुठे तुटतात यात फरक पडतो. फील्ड जोडून मग ताडा.

कपाटातून एक, दोन आणि तीन ट्रॅकच्या सीडी निवडून काढा आणि त्या खरोखर ड्राइव्हमध्ये घालून बघा. आदळणारे आयडी आधीच क्वेरी करून काढून ठेवले असतील तर नेमक्या त्याच सीडी घ्या, आणि त्यासोबत लांब मराठी शीर्षकाची एक तरी.

सगळं बसलं की पोर्ट नव्याकडे वळवा, सबमिट चालू करा, आणि त्याच दिवशी पीजी-डम्पचा (पोस्टग्रेसचा बॅकअप काढणारा प्रोग्राम) रोजचा बॅकअप लावून एकदा दुसऱ्या मशीनवर तो खरंच उघडतो का ते बघा. जुनं फोल्डर फक्त वाचण्यापुरतं ठेवा, आणि कच्चं टेबलही पुसू नका. दोनदा एन्कोड झालेल्या नोंदींची ती यादी तुम्ही महिन्याभराने हातात घ्याल तेव्हा मूळ बाइट्स तिथूनच काढावे लागतील.